पाऊण इंचाची पाठ

“बारीक पाठीची माणसं म्हातारी होत्यात, सूनबाई. सोपानाला म्हातारा होऊ द्या.”

कुसगावच्या तालमीबाहेर, दोन्ही गुडघ्यांना एरंडाची पानं बांधून बसलेल्या गेणू वस्तादानं मुक्ताला हे सांगितलं, आणि मुक्ता हसली. अगदी तोंडावर नाही, पदराआड. तिला वाटलं, गुडघे गेले, आखाडा सुटला, आता म्हाताऱ्याला दुसऱ्याचं भरलेलं अंग बघवत नसेल. कडेवरच्या चिंगीला सावरत ती म्हणाली, “वस्ताद, मी म्हातारपणाचं विचारायला आले नाही. पाठ रुंद व्हायला कोणता व्यायाम घ्यायचा, तेवढं सांगा.”

तालमीच्या दारात बाईमाणसानं उभं राहायचं नसतं. पण मुक्ता ही कुसगावातली कॉलेजात गेलेली पहिली सून. पुण्यात इंटरपर्यंत शिकलेली. अशा सुनेनं काही जगावेगळं केलं तर गाव आधी हसायचं, मग ‘शिकल्याली हाय ती’ म्हणून सोडून द्यायचं. वस्तादानंही सोडून दिलं.

ही गोष्ट एकोणीसशे चाळीस सालची. लढाई सुरू होऊन वर्ष झालं होतं. मुक्ताचा नवरा सोपान लोणावळा स्टेशनात पार्सल ऑफिसात होता. नोकरी बरी, घरचं भात पुरून उरणारं. लढाईवर जायची त्याला काही गरज नव्हती. पण तळेगावला भरतीवाले आले, गावातली आठ-नऊ पोरं निघाली, तसा हाही सुट्टीचा दिवस म्हणून बरोबर गेला. बघायला गेला आणि रांगेत उभा राहिला. साहेबाच्या फितीत त्याची छाती सव्वाबत्तीस इंच भरली. हवी होती तेहतीस. मोजणारा हवालदार मोठ्यानं ओरडला, “पाऊण इंच कम!” आणि बस्स. सोपान घरी पोचायच्या आधी ते नाव घरी पोचलं.

“ए पाऊण इंच, सरक जरा. तुला कितीशी जागा लागतीय!” हे न्हाव्याच्या ओट्यावर. शिंप्यानं तर चिंधीचा तुकडा हातावर ठेवला, “सोपानराव, सदऱ्यातनं उरलं बगा, पाऊण इंच.” आणि ओढ्यावर धुणं धुताना शालूबाई मुक्ताला म्हणाली, “तुमच्या मालकांचं समदंच माप कमी भरतंय का वो?” बाया धुणं टाकून हसल्या. मुक्तानं पिळा इतका घट्ट पिळला की लुगडं शिवणीत फाटलं.

सोपाननं न्हाव्याकडं जायचं सोडलं. अंघोळीला सदरा घालूनच बसायला लागला. भिंतीकडं तोंड करून जेवायचा. चिंगीला खांद्यावर घेऊन ओसरीवर नाचायचा तेही थांबलं. मुक्ताचा स्वभाव आधीच काळजीचा. पोरीनं दुधाचे घोट किती घेतले ते मोजणारी बाई ती. तिला हे सगळं दिसत होतं, आणि तिनं मनाशी ठरवलं, की दुखणं पाऊण इंचाचं आहे, तर औषधही तेवढंच द्यायचं.

“भरती व्हायचं नाही,” ती सोपानला म्हणाली. “फक्त माप भरायचं. साहेबाच्या तोंडून तेहतीस ऐकायचं आणि तसंच माघारी यायचं. मग बघू कोण काय म्हणतं ते.”

सोपाननं मान डोलावली. त्या वेळी त्याच्या तोंडावर काय होतं, हे मुक्तानं पाहिलं नाही. ती शिलाईच्या फितीवरचे आकडे बघत होती.

पहिला महिना जोर काढण्यात गेला. रोज शंभर, मग दीडशे. खांदे दुखून आले, दंडाला आकार आला, पण फीत सूतभरच हलली. तेव्हा मुक्ता विचाराला बसली. साहेब म्हणतो छाती, पण मोजतो घेर. फीत जशी छातीवरून जाते तशी पाठीवरूनही जाते. छाती सोपानची त्याच्या बापासारखी चपटी, ती हट्टी. पण काखेखाली, जिथून पाठ कमरेकडं उतरते, तिथं तर नुसती बरगडी हाताला लागत होती. तिथलं मांस वाढलं तर पाऊण इंच ही काय गोष्ट? पुण्यात असताना तिनं वाचनालयात व्यायामाची मासिकं चाळलेली होती. त्यांतल्या पहिलवानांच्या पाठी नागाच्या फण्यासारख्या वर रुंद आणि खाली निमुळत्या. तो फणा कशानं फुलतो, हे विचारायला ती वस्तादाकडं गेली होती.

वस्तादाच्या नकारालाही कारण होतं. आधी तो नको म्हणाला. मागच्या मोठ्या लढाईला याच तालमीतली सात पोरं गेली होती. छत्तीस-छत्तीस इंची छात्या. परत आला एक, तो बहिरा होऊन. वस्ताद स्वतः गुडघ्यामुळं राहिला. पण आयुष्यभर शिकवलेला माणूस. कुणी नीट विचारलं की त्याच्या तोंडाला कुलूप राहायचं नाही.

“जोरानं पुढचं अंग हुतंय. मागचं अंग ढकलून न्हाई, वढून हुतंय,” तो म्हणाला. “वढायचं काम द्या त्याला.”

मग त्यानं चार गोष्टी सांगितल्या. दोरीवर चढणं, फांदीला लोंबकळून अंग वर घेणं, आखाड्याच्या हौदातली माती फावड्यानं स्वतःकडं ओढणं आणि लाकडी मुद्गल फिरवणं. त्यांतलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे मुक्तानं आपल्या पद्धतीनं ठरवलं. सोपान व्यायाम करत असताना ती त्याच्या काखेखाली तळहात टेकवायची. मुद्गल फिरवताना तिथं काही हलत नसे, खांदाच तापायचा. मुद्गल टाकले. दोरीवर चढताना तिथलं मांस उडायचं खरं, पण दोरीनं पायाची बोटं सोलली आणि दोन दिवस त्याला स्टेशनात लंगडावं लागलं. दोरी टाकली. परसातल्या हिरड्याच्या फांदीला तो आधी हात एकमेकांजवळ धरून लोंबकळला आणि वर गेला, तेव्हा दंडच कष्टले. मुक्ता म्हणाली, “हात लांब धरा. आणखी लांब. खांद्यापेक्षा वीतभर बाहेर.” तसा तो वर गेला आणि तिच्या तळहाताखाली पाठ अशी टणक झाली, जशी आतून कुणी दार लोटतंय.

“हेच,” ती म्हणाली. “हनुवटी नाही, छाती फांदीला लावा. आणि खाली येताना सावकाश.”

“सावकाश यायला मी काय पालखीत बसलोय?” सोपान धापा टाकत म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी दोघं हसली.

दुसरा घेतला माती ओढण्याचा. तिसरा तिनं स्वतः शोधला. गुडघ्यात वाकायचं, पाठ सरळ ठेवायची आणि भाताचं अर्धं पोतं जमिनीवरून पोटाकडं ओढायचं. कोपर अंगाला घासून मागं गेलं पाहिजे. एक दिवस फांदी, एक दिवस पोतं नि माती, तिसऱ्या दिवशी आराम. सासूबाई, बयाबाई, म्हशीचं पहिल्या धारेचं दूध लेकाला देऊ लागल्या, आणि शेजारणीला सांगू लागल्या, “सून नुसती पुस्तकं वाचत न्हाई, माणूस घडिवती.” दर रविवारी मुक्ता माप घ्यायची. कडेवर चिंगी, तोंडात पेन्सिल, हातात फीत. साडेबत्तीस. पावणेतेहतीस. सगळं तिनं एका कागदावर सुरेख अक्षरात मांडलं, कोणता व्यायाम, किती वेळा, हात कुठं, कोपर कुठं. तो कागद दाराआड खिळ्याला टांगला.

शिमग्यानंतर भरतीवाले पुन्हा तळेगावला आले. सोपान नवा सदरा घालून निघाला. जुने काखेत उसवत होते.

संध्याकाळी तो आला नाही. आला गावचा भिमाजी, जो बरोबर गेला होता आणि दातांवरून नापास होऊन परतला होता.

“वैनी, सोपानानं निरोप धाडलाय,” तो ओसरीच्या खालीच उभा राहून म्हणाला. “म्हनला, सांग तिला, पाऊण न्हवं, दीड इंच वाढली. साहेबानं दोनदा मोजली. पाठीवर थाप मारली.”

“आणि ते कुठायत?”

“त्याचं असं हाय, तंबूला दारं दोन. एका दारानं आत जायचं, मापाचं. जे भरलं ते तितंच सही करून दुसऱ्या दारानं लॉरीत. उलटं कोन सोडतंय?”

“आम्ही ठरवलं होतं...” मुक्ता म्हणाली आणि थांबली. काय ठरवलं होतं हे भिमाजीला सांगायची तिला लाज वाटली. तो दुसऱ्या दारानं ढकलला गेला की आपण होऊन गेला, हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढंही नाही. बेळगावचं लष्करी शिक्षण संपवून तो आठ दिवस रजेवर आला, तेव्हा तिनं विचारायचं ठरवलं होतं. पण तो दारात उभा राहिला आणि दार भरून गेलं. चिंगी त्या पाठीला भिऊन आजीच्या मागं लपली. न्हाव्याच्या ओट्यावर लोक उठून जागा द्यायचे. तो पहिल्यासारखा गुणगुणत होता. असं असताना विचारणार तरी काय? रजा संपली. तो समुद्रापार मलायात गेला. काळ्या शाईनं निम्म्या ओळी खोडलेली चार पत्रं आली. मग जपान्यांपुढं मलाया पडल्याची बातमी आली. पुढच्या पावसाळ्यात छापील कागद आला. त्यात नाव तेवढं हातानं लिहिलं होतं, आणि पुढं लिहिलं होतं, बेपत्ता.

बयाबाईंना ‘बेपत्ता’चा अर्थ सांगायला मुक्ताला सकाळची दुपार झाली. “म्हंजी मेला न्हाई?” “तसं म्हणत नाहीत.” “जित्ता हाय?” “तसंही म्हणत नाहीत, आत्याबाई.” म्हातारी चुलीपाशी बसून राहिली. दोष द्यायला तिच्यापाशीही तोंड नव्हतं, दूध तिनंच ओतलं होतं. चार दिवसांनी ती एवढंच म्हणाली, “मुक्ते, त्यो बारीक होता तवा माझ्या दोनी हातांच्या कवेत मावायचा.”

मुक्ता शिकलेली. तिनं पत्रं लिहिली. रेकॉर्ड ऑफिसला, पलटणीला, पुण्यातल्या एका वकिलाला. उत्तरं आली ती सगळी एकाच छापाची. मग ती लिहीनाशी झाली. तळहात मात्र गप्प बसत नसे. कणीक मळताना, चिंगीला थोपटताना एकाएकी त्याच्याखाली ते मांस टणक व्हायचं आणि विरायचं. आपण हे माणूस मापात बसवून दिलं, हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता. कुणी तिला असं म्हणालं नाही. म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आणि इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

बयाबाईंची धाकटी बहीण रतनबाई तळेगावापलीकडच्या नवलाख उंबरे गावात दिलेली. नवरा नाही, एकुलता एक मुलगा मारुती. त्रेचाळीसच्या संक्रांतीनंतर रतनबाईच्या घरी पूजा होती, म्हणून मुक्ता चिंगीला घेऊन गेली. अंगणात पाऊल टाकलं आणि तिला ते दिसलं. चिंचेच्या आडव्या फांदीला एकोणीस वर्षांचा मारुती लोंबकळत होता. हात खांद्यापेक्षा वीतभर बाहेर. छाती फांदीला लावली, आणि सावकाश खाली आला.

“वैनी!” तो धावत आला, पाया पडला. “बगा की, तुमच्याच कागदावरनं करतोय. सोपानभाऊ रजेवर आलता तवा मी उतरवून घेतलाता. हितं तिघं करत्यात, मंगरूळला दोघं. भाऊचा बदला घेनार वैनी मी!”

मुक्ता ओटीवर बसली. सोपान निवडला गेला तेव्हा गावची पोरं तो कागद उतरवून नेत होती हे तिला माहीत होतं. तेव्हा तिनं त्यांना पेन्सिल दिली होती. अक्षर लागलं नाही तर वाचून दाखवलं होतं. तिला अभिमान वाटला होता.

“आता मोजा,” मारुतीनं सदरा काढला. घरातली फीत आणली. “गेल्या खेपेला, दिवाळीत, मला सव्वाबत्तीस भरली. तुमचा हात पक्का, तुमी मोजा.”

तिनं मोजली. साडेतेहतीस. फीत तिनं बोटाखाली चिमटून धरली, अंगठ्यानं आकडा झाकला आणि म्हणाली, “बत्तीस.”

“बत्तीस? कमी झाली?”

“कमीच. तुझा व्यायाम चुकतोय. फांदी सोड. नुसत्या बैठका काढ, रोज पाचशे.”

मारुती म्हणाला, “बैठकानं पाठ कशी वाडंल, वैनी? बैठकानं मांड्या हुत्यात. तुमीच तर लिवलंय.”

रतनबाई आतून हसत बाहेर आली. “ऐक रं. शिकल्याली हाय ती.” मुक्तानं तिला कोपऱ्यात घेतलं, हात धरले, म्हणाली, “मावशी, त्याला जाऊ देऊ नका. त्याचं माप भरतंय. मी खोटं सांगितलंय.” रतनबाईचं हसू जागच्या जागी वाळलं. “मी सांगून ऐकतोय व्हय गं त्यो? तुज्या नवऱ्यानं कुनाचं ऐकलं?”

मुक्ता परत आली. तिला वाटलं, खोटं तर खोटं, निदान दोन-चार महिने तरी ती फीत त्याला घरात ठेवील. मागाहून भिमाजीकडून कळलं, की मारुतीनं बत्तीस ऐकलं ते मनाला लावून घेतलं. आता तो तीन दिवसांतनं एकदा नाही, रोज फांदीला लोंबकळतोय, सकाळ-संध्याकाळ. अर्ध्याच्या जागी पुरं पोतं ओढतोय. मुक्तावैनी म्हणाली कमी पडतंय, म्हणजे कमीच असणार.

ती गेणू वस्तादाकडं गेली. या खेपेला चिंगीला घरी ठेवून, एकटी. “वस्ताद, रुंद झालेली पाठ बारीक कशी करायची?”

वस्तादाला टोमणा मारता आला असता. त्यानं मारला नाही. “दुखण्यानं हुती,” तो म्हणाला. “न्हाईतर उपाशी ऱ्हाऊन. तालमीत त्याचा डाव न्हाई, सूनबाई.”

आणि काल भिमाजी तळेगावच्या बाजारातून बातमी घेऊन आला. भरतीवाले या गुरुवारी येतायत. माणसं कमी पडायला लागली म्हणून साहेबानं माप उतरवलंय. आता साडेएकतीसलाही घेतात. म्हणजे तिनं सांगितलेलं खोटंसुद्धा आता पास होणार. ही बातमी तळेगावाहून नवलाख उंबऱ्याला पोचायला कितीसा वेळ?

मुक्तानं लुगडं आवरलं, पिशवी घेतली, आणि चिंगीला उचलायला गेली तर पोरीचं अंग भट्टीसारखं तापलेलं. कानामागं, मानेवर लाल पुरळ. गोवर. बयाबाईंनी दारातच तिचा हात धरला, “हिला टाकून कुटं चाललीस? गोवराची पोर वाऱ्याला न्यायची न्हाई.” मुक्तानं भिमाजीला विनवलं. त्याची बायको बाळंत व्हायची आहे, तो हलत नाही. शालूबाईच्या लेकाला विचारलं. तो म्हणाला, मीबी गुरुवारी तळेगावलाच चाललोय, वैनी, पन मापाला. पत्र घातलं तर ते शुक्रवारी पोचेल. आणि रतनबाईला ते वाचून दाखवणारा कोण, तर मारुतीच, ज्यानं तिचा कागद उतरवून नेला.

ती पोरीच्या उशाशी बसली आहे. ओल्या फडक्याची घडी बदलते, श्वास मोजते, पुन्हा दाराकडं बघते. तिला आता कुणावर विसंबायचं हे कळत नाही, म्हणून ज्याच्या हाती हे लिहिलेलं पडेल त्यालाच ती विचारते आहे: तुमच्यापैकी कुणी गुरुवारच्या आत तळेगावावरून नवलाख उंबऱ्याच्या अंगाला जाणारं असेल, तर रतनबाईचं घर विचारा. चिंचेचं झाड अंगणातच आहे, चुकणार नाही. बोलू नका काही, समजावूही नका, ते माझं काम होतं. फक्त आत डोकावून बघा, मारुती घरात आहे का.